मंडपात वाजवायचे कोणी?



घरात लग्न ठरले म्हणजे पहिल्या बैठकीत तिथी, मांडव आणि जेवणावळ ह्यांचे बोलणे होते. ते आटोपत आले की कुणीतरी हळूच विचारतो, "आणि वाजवायचं काय?" इथे मात्र घरात दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, मुहूर्ताला सनई-चौघडा असू द्या आणि वरातीला बँड सांगा. तरुण मंडळी म्हणतात, आता बँड कोण ऐकतो, डीजे सांगू. वहीपेन्सिल घेऊन बसलेले काका दोन्हीकडचे दर विचारतात, आणि पुष्कळदा त्या दरावरच निकाल लागतो. हाच प्रश्न गावच्या जत्रेला पडतो, गणपतीच्या मिरवणुकीला पडतो आणि शाळेच्या स्नेहसंमेलनालाही पडतो.

हा वाद दिसतो तितका नवा नाही. माणसाने वाजवायचे की यंत्राने, जुने वाद्य ठेवायचे की नवे आणायचे, हा झगडा गेली दीडशे वर्षे चालू आहे, आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यात कुणाची तरी भाकर आहे, कुणाची तरी अब्रू आहे, आणि शेजारी आजारी पडलेल्या म्हातारीची झोपही आहे. म्हणून निकाल देण्यापूर्वी ह्या गोष्टीचा इतिहास थोडा डोळ्यांखालून घालावा, असा आजचा विचार आहे.

आपल्याकडची जुनी व्यवस्था आधी पाहू. देवळाच्या किंवा वाड्याच्या दारावर नगारखाना असावयाचा. रायगडावर नगारखान्याची भव्य इमारत आजही उभी आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजाच्या माथ्यावर नगारखाना आहे. तिथे प्रहराप्रहराला चौघडा झडे आणि त्या बरोबर सनई वाजे. एक सनई चाल वाजवी आणि दुसरी नुसता सूर धरून राही. गावाला घड्याळ नव्हते, पण चौघडा ऐकून दिवस किती वर आला हे बाईमाणसाला चुलीपाशी बसल्या बसल्या कळत असे.

गावात वाजवणाऱ्यांची नेमणूक ठरलेली असे. देवळातील पूजेबरोबर वाजवणे हे बहुतेक ठिकाणी गुरवाकडे. सनई वाजवणारे घडशी पुष्कळ गावी अलुतेदारांत मोजले जात. पश्चिम महाराष्ट्रात होलार, आणि ठिकठिकाणी मांग समाजातील कलावंत सनई, हलगी, डफडे, संबळ वाजवीत. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले. बलुतेदार-अलुतेदारांचे हक्क आणि कामे कशी बांधलेली होती, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी ते अवश्य वाचावे. वाजवणाऱ्याला दर कार्याला रोख दाम मिळे असे नव्हे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन तो आपला वाटा उचली. शिवाय कार्यात नारळ, विडा, जुनेपाने वस्त्र आणि शिधा मिळे.

आणि काम तरी किती! हळदीला वाजवायचे, देवक आणायला वाजवायचे, सीमांतपूजनाला वाजवायचे, नवरा मुलगा देवदर्शनाला निघाला की पुढे वाजवीत चालायचे. मुहूर्ताची घटका भरत आली, अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली की वाजंत्री तोंडाशी सनई धरून भटजींच्या ओठांकडे बघत उभा. शेवटचे 'सावधान' झाले, कुणीतरी 'वाजवा' म्हणून हाक दिली, की त्याच क्षणी चौघड्यावर टिपरी पडायची. एक पळ आधी नाही आणि एक पळ मागे नाही. वाटेत एखाद्या घरी दुःख झालेले असले तर न सांगता वाजप थांबायचे आणि ते घर मागे पडल्यावर पुन्हा सुरू व्हायचे. घोडे बुजले तर ताल धिमा व्हायचा. म्हाताऱ्या आत्याबाई नाचायला पुढे आल्या तर त्यांच्या पावलाइतकी चाल संथ व्हायची. वाजवणारा माणूस कार्यात नुसता आवाज करीत नव्हता, कार्य बघून वाजवीत होता. ही गोष्ट पुढच्या विचारासाठी लक्षात ठेवावी.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्याच्या सुरावाचून मुहूर्त साधत नसे, त्याला अनेक गावांत मांडवाच्या कडेला बसवीत. त्याची पंगत सर्वांत शेवटी, तीही बाहेर. त्याला जातीच्या नावाने हाक मारीत. त्याचे स्वतःचे नाव यजमानाला ठाऊक असेलच असे नाही. वाजवणे ही त्याची कला होती खरी, पण वाजवायला येणे ही त्याच्यावरची सक्ती होती. म्हणून १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर आणि विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी गावकीची हलकी मानलेली कामे सोडली, त्यांपैकी काहींनी काही गावांत वाजवणेही सोडले. १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला. जुना गावगाडा मोडला. "आमच्या गावचे वाजंत्री कुठे गेले हो?" असे हळहळून विचारणाऱ्याने, ते मुळात कसे राहत होते हेही आठवावे.

ह्याच सुमारास, किंबहुना ह्याच्या बराच आधी, एक नवा पाहुणा दारात आला होता. तो म्हणजे पितळी बँड. युरोपात १८१५ च्या सुमारास पितळी तुताऱ्यांना कळीची, म्हणजे व्हॉल्व्हची, सोय झाली आणि त्यामुळे सगळे स्वर एकाच वाद्यातून सहज निघू लागले. पुढे आडोल्फ सॅक्स ह्या बेल्जियन कारागिराने १८४० नंतरच्या दशकात लहानमोठ्या पितळी वाद्यांचा एक संचच बनवला. ही वाद्ये कारखान्यात निघत, शिकायला त्यामानाने सोपी असत आणि मोकळ्या मैदानात दूरवर ऐकू जात. इंग्रजी पलटणींबरोबर ती हिंदुस्थानात आली. बडोदे, म्हैसूर अशा संस्थानांनी आपापले बँड उभे केले. मध्य भारतातील मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ ह्यांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद तयार केला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांपासून नलतरंग हे वाद्य बनवले. मारण्याच्या हत्यारातून सूर काढण्याची ही गोष्ट शाळेतल्या मुलांना जरूर सांगावी.

आपल्या शेजारच्या गोव्यात ह्या विद्येचे आणखी एक केंद्र होते. तिथे पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले मोठी होऊन मुंबईला येत. पोलिसांच्या बँडमध्ये, हॉटेलांच्या वाद्यवृंदात, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे बोलपटांच्या स्टुडिओंत त्यांनी काम केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटातील अँथनीला त्या गुरूचे नाव मिळाले. नाव लाखोंच्या तोंडी गेले, पण ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

शहरात खाजगी बँड निघाले, मग तालुक्याच्या गावी निघाले. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, झांजा, साइड ड्रम आणि पोटावर बांधलेला मोठा ढोल. उत्तरेत मेरठला तर ही वाद्ये बनवणारी वस्तीच उभी राहिली. ह्या बँडमध्ये दाखल झालेले कितीतरी लोक जुन्या वाजंत्री घरांतलेच होते. फरक असा की, अंगावर बटणांचा लाल कोट आला, डोक्यावर टोपी आली, आणि बोलावणे बलुत्याचे न राहता सुपारीचे झाले. सुपारी आणि इसार घेतल्याखेरीज बँड येत नसे. जातीच्या हाकेऐवजी 'बँडवाले' अशी हाक आली. आज आपल्याला तो कोट थोडा हास्यास्पद वाटेल, पण ज्याच्या बापाला मांडवाबाहेर बसावे लागले होते, त्याला त्या कोटाची किंमत माहीत होती. तेव्हाही जुन्या मंडळींनी नाके मुरडली असतीलच. आज जे आजोबा बँडचा आग्रह धरतात, त्यांच्या आजोबांना बँड हा साहेबी गोंगाट वाटला असल्यास नवल नाही. दर पिढीला आपल्या लग्नात वाजलेले तेच खरे वाजप वाटते!

आतापर्यंत वाद्ये बदलली तरी वाजवणारा माणूसच होता. त्या माणसाची जागा घेणारे यंत्र कसे आले ते आता पाहू.

१८७७ साली अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ तयार केला. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान ह्यांचे गाणे तबकडीवर उतरले. ह्या बाई गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत. तबकड्या परदेशात छापल्या जात, तेव्हा गाणे कुणाचे हे तिथल्या कामगारांना कळावे, असा त्यामागचा हेतू सांगतात. तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. गायक हजर नसताना गाणे ऐकता येऊ लागले. गरिबाला जे गवई घरी बोलावणे स्वप्नातही शक्य नव्हते, त्यांचा आवाज चहाच्या दुकानात ऐकू आला. हा यंत्राचा उपकार मान्य केलाच पाहिजे. मी ज्या यंत्राच्या द्वारे आपल्याशी बोलत आहे, तेही त्याच कुळातले आहे.

ह्या उपकाराची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी दिली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. मूकपट म्हणजे मुका चित्रपट, पण थिएटर मुके नसे. पडद्याजवळ तबला, पेटी, व्हायोलिन घेऊन वादक बसत आणि प्रसंग पाहून वाजवीत. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला आणि पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. चित्रपट बोलू लागला आणि हळूहळू थिएटरातले वादक उठले. काहींना स्टुडिओत काम मिळाले. पण एका स्टुडिओत एकदा वाजवलेले शेकडो थिएटरांत ऐकू जाऊ लागल्यावर, शेकडो थिएटरांतल्या सगळ्याच वादकांना काम कोठून मिळणार?

अमेरिकेत हेच झाले, पण तिथले वादक संघटित होते. त्यांच्या संघाने १९३० साली वर्तमानपत्रांतून मोठमोठ्या जाहिराती दिल्या. त्यांत एक लोखंडी यंत्रमानव वाद्य वाजवताना दाखवून, डब्यातले संगीत नको असे लोकांना आवाहन केले होते. लोकांनी जाहिराती वाचल्या आणि पुन्हा बोलपटाला गेले. मग १ ऑगस्ट १९४२ पासून संघाने तबकड्यांसाठी वाजवणेच बंद केले. गायक ह्या संघाचे सभासद नव्हते, म्हणून कंपन्यांनी वाद्यांच्या जागी माणसांचे सामुदायिक आवाज घालून गाणी काढली! मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या, पण शेवटी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे थोडी रक्कम वादकांच्या निधीत भरण्याचे त्यांना कबूल करावे लागले. त्या निधीतून बेकार वादकांना पैसे देऊन लोकांसाठी मोफत जलसे करण्यात येऊ लागले. यंत्र थांबले नाही, पण यंत्राच्या कमाईतला वाटा वाजवणाऱ्याला मिळाला. आपल्या गावोगावच्या वाजंत्र्यांना असा संघ नव्हता. त्यांच्या वतीने कुणी अडून बसले नाही.

खेड्यात यंत्र आले ते कर्ण्याच्या रूपाने. मांडवाच्या खांबाला कर्णा बांधायचा, खाली खोक्यावर तबकडी फिरवायची. गंमत म्हणजे, त्या तबकड्यांतही सनईच असे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. त्यांची सनई ध्वनिमुद्रणातून किती मांडवांत वाजली असेल ह्याची गणती नाही. देशातील श्रेष्ठ सनई दारात आली आणि शेजारच्या आळीतील साधी सनई घरी बसली. 'नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचे काय' अशी आपल्यात म्हण आहे. पण टिमकीवर ज्याचे पोट आहे, त्याने काय करावे? १९६३ साली युरोपात कॅसेट निघाली, १९८० नंतर ती आपल्याकडे घराघरांत पोचली, आणि मग तर खिशातून चार कॅसेटी आणल्या की लग्न उरकू लागले.

वाजंत्री घरातल्या मुलांनीही काळ ओळखला. कोकणात, मुंबईत, कोल्हापूरकडे बेंजो पार्ट्या निघाल्या. हा बेंजो मुळात जपानी. १९१२ साली नागोया येथे तयार झालेल्या कळांच्या तंतुवाद्याचा तो वंशज. त्याला वीज जोडली, पुढे कीबोर्ड आला, हातगाडीवर स्पीकर आले, आणि वाजवणारा माणूस टिकून राहिला.

आता डीजेकडे येऊ. डिस्क जॉकी ह्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तबकडीवर स्वार झालेला माणूस असा अर्थ घ्यावा. रेडिओवर तबकड्या लावून मधून मधून बोलणाऱ्याला अमेरिकेत हे नाव पडले. नाचासाठी ह्या विद्येचा उपयोग मात्र गरीब वस्त्यांनी केला. जमैका बेटावर किंग्स्टन शहरात १९५० च्या आसपास नाचाला वाद्यवृंद बोलावणे सामान्य माणसाला परवडत नसे. तेव्हा मोठे स्पीकर आणि निवडक तबकड्या घेऊन काही लोक अंगणात, मैदानात नाच भरवू लागले. ह्याच जमैकातून अमेरिकेत गेलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क ह्या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात बहिणीच्या मेजवानीत तबकड्या लावल्या. दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवून, गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवी, म्हणजे नाचणाऱ्यांचा रंग मोडत नसे. ह्यातून पुढे हिपहॉप हा संगीताचा एक मोठा प्रवाह निघाला. तेव्हा डीजे म्हणजे नुसता गोंगाट, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. चांगला डीजे समोरच्यांचे पाय पाहतो आणि पुढचे गाणे ठरवतो. आपला जुना वाजंत्री हेच करीत होता.

पण आपल्याकडे ह्या शब्दाचे काय झाले पाहा. आपण म्हणतो, "डीजे आला." म्हणजे कोण आला? माणूस नव्हे, टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत आली. मूळचा शब्द माणसाचा, तो आपण यंत्राला दिला आणि माणूस गाडीमागे जनरेटरपाशी उभा राहिला. दुसरा शब्द डॉल्बी. रे डॉल्बी ह्या अभियंत्याने १९६५ साली जी कंपनी काढली, तिचे पहिले नाव झाले ते ध्वनिफितीतील नको असलेली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव आपण छातीत धडकी भरवणाऱ्या भिंतीला दिले आहे!

ह्या आवाजाचा हिशेब थोडा समजून घ्यावा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ह्या मापात दहाने वाढ झाली की ध्वनीची शक्ती दसपट होते. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये ह्यांच्या भोवतालचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे मर्यादा ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. स्पीकरची भिंत १०५ डेसिबलवर गेली तर ती ५५ च्या एक लाख पट शक्तीचा ध्वनी देते. कामगारांच्या कानांसाठी जो हिशेब मांडतात, तो असा की ८५ डेसिबल आठ तास चालतील, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. ह्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. वरात तर तीन-तीन तास चालते, आणि भिंतीच्या अगदी पुढे कडेवर मुले घेतलेली माणसे असतात. एकदा बधिर झालेला आतल्या कानाचा भाग औषधाने पुन्हा उगवत नाही.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नावर विस्तृत निर्णय दिला. त्यात रात्रीच्या वेळी ध्वनिवर्धकाबरोबर ढोल-तुताऱ्यांनाही मनाई सांगितली आहे. म्हणजे माणसाने वाजवले की सारे माफ, असा समज नको. पन्नास ढोलांचे पथक जवळून ऐकले तर तेही १०० डेसिबल ओलांडते. फरक एवढाच की वाजवणाऱ्याचे हात दुखतात, दम लागतो, आणि मधून मधून गल्लीला उसंत मिळते. यंत्राला दम लागत नाही.

मग ठरवायचे कसे? माझ्या मते दोन्हीकडचे दर विचारण्यापूर्वी घरच्यांनी स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, प्रसंग कोणता आहे? जिथे वाजवणाऱ्याने कार्याकडे बघून वाजवायचे आहे, तिथे माणूसच हवा. मुहूर्त, देवक, देवाची पालखी, पाहुण्यांचे स्वागत ह्या वेळी दोन सनया आणि एक चौघडा पुरेसा होतो. जिथे तरुणांना तासभर नाचायचे आहे आणि हव्या त्या चित्रपटातले गाणे हवे आहे, तिथे बंद सभागृहात, दहाच्या आत, आवाजाची मर्यादा आधी ठरवून डीजे आणला तर आकाश कोसळत नाही. दोन्ही थोडे थोडे ठेवता येतात. भांडण बहुधा सगळा वेळ एकालाच द्यायचा म्हटल्याने होते.

दुसरा प्रश्न, पैसे कुणाच्या घरी जातात? पंधरा जणांचा बँड आला तर बिदागीचे पंधरा वाटे होतात. डीजेचे पैसे गाडीभाडे, डिझेल आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता ह्यांत बरेचसे जातात. डीजेवाला पोरगाही आपल्याच गावाकडचा, कर्ज काढून धंद्यात उतरलेला असतो. त्याला शिव्या देऊन काही साधणार नाही. परंतु बँड महाग आहे अशी तक्रार करताना, तो महाग का आहे हे तरी ध्यानात यावे. आपण पंधरा माणसांची मजुरी देतो आहोत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो वाजवायला येईल, त्याला आपण कसे वागवणार? यंत्राने वाजंत्र्याला मांडवातून घालवले असे आपण म्हणतो. खरे पाहता, आपण त्याला आधीच मांडवाच्या कडेला बसवले होते. यंत्र आले तेव्हा त्याची बाजू घ्यायला कुणी उठले नाही, आणि त्याच्या मुलाला ती सनई हातात धरावीशी वाटली नाही. बापाची शेवटची पंगत ज्या मुलाने पाहिली, त्याने कॉलेजात जाऊन दुसरी वाट धरली तर त्याला नावे कोण ठेवणार? म्हणून माणूस बोलावणार असाल तर ठरलेली रक्कम लेखी ठरवा आणि कार्य संपताच द्या. पहिल्या पंगतीला त्यांना पाहुण्यांबरोबर बसवा. भर उन्हात दोन तास वाजवून झाले की पाणी द्या, सावलीत बसू द्या. नोटा तोंडापुढे नाचवून एकच गाणे वीस वेळा वाजवायला लावू नका. आणि पत्रिकेत जशी आप्तमंडळींची नावे छापता, तशी सनई कोण वाजवणार त्याचे नावही छापा. गौहर जानना आपले नाव तबकडीवर स्वतः ओरडून सांगावे लागले होते. आपल्या दारच्या वादकाचे नाव आपण सांगितले तर त्यात आपले काही जाणार नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या पंचक्रोशीत सनई, सुंद्री, हलगी, संबळ किंवा क्लॅरिनेट वाजवणारी म्हातारी माणसे अजून असतील. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांचे नाव, त्यांच्या गुरूचे नाव, वाद्य कुठे बनले, हळदीची चाल कोणती, वरातीची कोणती, हे मुलांना वहीत उतरवू द्या. त्यांची परवानगी घेऊन दोन-चार चाली फोनवर मुद्रित करून शाळेत जपून ठेवा. यंत्राचा ह्याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. आणि येत्या स्नेहसंमेलनाला त्यांतल्या एकाला मानाने बोलावून, मानधन देऊन, अर्धा तास वाजवायला सांगा. मुलांनी डीजे ऐकला आहेच. समोर बसून वाजवणारा माणूस त्यांच्यापैकी कितीकांनी जवळून पाहिलाच नसेल. तो एकदा पाहिला म्हणजे पुढे आपल्या घरच्या कार्यात काय वाजवायचे, हे त्यांचे ते ठरवतील.